भंडाऱ्याचा बिल्ला

कुत्र्यानं कोथिंबिरीच्या वाफ्यात झोपावं की झोपू नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. पण ज्याची कोथिंबीर असते त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. सन अडतीसच्या उन्हाळ्यात लोणावळ्याच्या भांगरवाडीत राहणाऱ्या बद्रुद्दीन पार्सलबाबूंना तर तो इतका गंभीर वाटू लागला होता की, कोणी वर्तमानपत्रातली युरोपची बातमी काढली तर ते हात वर करून म्हणत, "ते असू द्या. आधी आमच्या वाफ्याचं ऐका."

पार्सलबाबू म्हणजे स्टेशनाच्या पार्सल हापिसात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला मनुष्य. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून आंब्याच्या करंड्या गेल्या, जिवंत कोंबड्या गेल्या, एकदा एका संस्थानिकाचा मोरही गेला. पण पावतीशिवाय गवताची काडी गेली नाही. जे कागदावर आहे ते जगात आहे, आणि जे कागदावर नाही त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावर माणसाला आपलं ऐकणारं कोणीतरी लागतं. तिन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि पत्नी जैतुनबी ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी परसात बाग केली. वाफे पट्टी लावून आखले, प्रत्येकाच्या डोक्याशी पाटी रोवली आणि पाटीवर पेरणीची तारीख घातली. मेथी, मुळा आणि कोथिंबीर त्यांचं ऐकू लागली.

बागेच्या पलीकडे अंबाजीचं घर. अंबाजी भातशेतीवाला, दारात तीन म्हशी. बायको मुक्ताबाई दुधाचा रतीब घाली. दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि त्या कुंपणाला मधोमध एक माणूस सहज जाईल एवढं भगदाड होतं. दोन्ही घरचे त्याला 'खिंड' म्हणत. ती कोणी पाडली नव्हती. बावीस वर्षं दोन बायका तिथून ये-जा करत होत्या, त्यामुळे मेंदीनंच तिथं वाढायचं सोडून दिलं होतं. खिंडीतून विरजण जाई, विस्तव येई, सासरच्या गोष्टी दोन्हीकडून येत-जात. जैतुनबींच्या तिन्ही मुलींना पहिलं न्हाऊ मुक्ताबाईंनी याच खिंडीतून येऊन घातलं होतं.

आता याच खिंडीतून मुक्ताबाईंचं कुत्रं येऊ लागलं. कुत्रं हळदीसारखं पिवळं, म्हणून त्याचं नाव भंडाऱ्या. वाफ्याला सकाळी पाणी दिलं की दुपारी माती गार असते, हे ज्ञान पार्सलबाबूंप्रमाणे भंडाऱ्यालाही होतं. तो बाराच्या सुमारास येई, तीन वेळा स्वतःभोवती फिरे आणि कोथिंबिरीत अंग टाकी. चार वाजता उठून गेला की वाफ्यात अख्ख्या कुत्र्याचा ठसा उरे. डोकं, चारी पाय, शेपूट, सगळं जिथल्या तिथं. शेपटीच्या ठिकाणी कोथिंबीर जरा जास्त मोडलेली असे, कारण स्वप्नात ती हलत असावी.

पार्सलबाबूंनी प्रथम सल्ला घेतला. अडचण आली की सल्ला घ्यावा आणि सल्ला घेतला की अडचण वाढते, हे जगाचं रहाटगाडगं आहे.

किराणा दुकानवाले गफूरभाई म्हणाले, "बाबू, तिखट पेरा. कुत्रं नाक लावील आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही." पार्सलबाबूंनी तिखट पेरलं. तेवढ्यात घाटाकडून वारा सुटला आणि त्यानं ते तिखट जिथून आलं होतं तिथं परत पाठवलं. दुपारच्या नमाजाला पार्सलबाबू उभे राहिले ते शिंकतच. शेजारी उभ्या असलेल्यानं नमाज संपल्यावर मोठ्या मायेनं त्यांना आल्याचा काढा सांगितला. भंडाऱ्या तेव्हा वाफ्यात झोपलेला होता.

एका बंगल्यावरचा माळी भिमाजी म्हणाला, "बाबू, बाभळीच्या काट्या आडव्या टाका खिंडीत. कुत्रं म्हंजी काय, हत्ती यायचा न्हाई." काट्या टाकल्या. भंडाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि उडी मारली. संध्याकाळी मुक्ताबाई ताक घेऊन आल्या. त्यांना उडी मारता येत नव्हती. काटा टाचेत गेला आणि ताक मेंदीला मिळालं.

जैतुनबींनी मुक्ताबाईंचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढला, मग उठून सगळ्या काट्या एकेक करून ओढून फेकल्या. "अहो, ऐका," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कुत्र्याचं काय करायचं ते करा. पण खिंड बुजवायची नाही. ती बुजली तर मी या घरात एकटी पडेन. तुम्ही आहात, पण तुम्ही पाट्या लिहिता."

हे वाक्य पार्सलबाबूंना लागलं, पण त्यात तथ्य होतं. खिंड उघडी ठेवायची आणि कुत्रं तेवढं थांबवायचं, असा हा प्रश्न आता होऊन बसला. ते अंबाजीकडे गेले.

"अंबाजीराव, तेवढं दुपारचं बांधून ठेवता का कुत्रं?"

अंबाजी म्हशीला पेंड कालवत होता. त्यानं हात धुतले, बसायला घोंगडी टाकली. "पार्सलबाबू, बांदलं असतं. पर ते कुत्रं माजं न्हाई. खंडोबाचं हाय."

मग मुक्ताबाईंनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अंबाजी मुदतीच्या तापानं पडला होता. एकविसाव्या दिवशी त्याला माणूस ओळखेना. त्याच दिवशी गोठ्यात कुत्री व्याली आणि त्यात हे एक पिवळं पिल्लू निघालं. "मी त्याला हातावर घेतलं आन् द्येवाला बोलले, धनी उठला तर ह्याच्या गळ्यात जल्मात दोरी न्हाई. तिसऱ्या दिशी ह्यांनी पेज मागितली. आता भाऊ, तुमीच सांगा, कशी बांदू?"

पार्सलबाबूंनी अंबाजीकडे पाहिलं. अंबाजी जिवंत होता, चांगला धडधाकट होता आणि पेंड कालवत होता. या पुराव्यापुढे कोथिंबिरीची बाजू लंगडी पडते हे त्यांना कळलं. चहा घेऊन ते परत आले.

तोंडी मार्ग संपले. उरला लेखी. पार्सलबाबूंच्या मनात आलं की आपण उगाच तिखट आणि काटे करत बसलो. सरकारानं म्युनिसिपालिटी कशासाठी केली आहे? चुकार गुरांना जसा कोंडवाडा असतो तसा कुत्र्यांनाही असणारच. चार दिवस तिथं राहील, अंबाजी जाऊन सोडवून आणील, आणि शेजाऱ्याला आपण एका शब्दानं दुखवलं असं होणार नाही. त्यांनी छापील अर्ज आणला, टाक नवा बसवला आणि 'कुत्रे बागेत शिरून नासधूस करते' हे वाक्य अशा सुंदर अक्षरात लिहिलं की क्षणभर नासधुशीचाही त्यांना अभिमान वाटला.

पुढचा रकाना होता, 'कुत्र्याच्या मालकाचे नाव'.

इथं टाक थांबला. ज्या घरचं ताक बावीस वर्षं प्यालो, त्या घरच्या माणसाचं नाव सरकारी कागदावर चढवायचं? उद्या शिपाई अंबाजीच्या दारात उभा राहील, आळी बघेल. छे! हे सभ्य माणसाचं काम नव्हे. पार्सलबाबूंनी बराच विचार केला आणि एकतीस वर्षांच्या नेकीला बाजूला ठेवून रकान्यात लिहिलं, 'माहीत नाही.'

आयुष्यात त्यांनी कागदावर लिहिलेलं हे पहिलं खोटं. तेही केवळ शेजारधर्म म्हणून लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. 'आपल्या अर्जातील बेवारशी कुत्र्याचा बंदोबस्त येत्या सोमवारी सकाळी करण्यात येईल. त्या वेळी लहान मुलांना घरात ठेवावे.' पार्सलबाबूंना उत्तर वेळेवर आल्याचा आनंद झाला. मुलांना घरात का ठेवायचं ते कळलं नाही, पण हापीस काळजी घेणारं आहे एवढं मात्र दिसलं. ते कार्ड घेऊन गफूरभाईंच्या दुकानावर गेले.

गफूरभाईंनी ते वाचलं आणि तराजू खाली ठेवला. "बाबू, हे काय करून बसलात? बेवारशी कुत्र्याचा बंदोबस्त म्हणजे गोळी. सोमवारी बंदूकवाला येतो. मागच्या सोमवारी बाजारात दोन कुत्री पाडली, तुम्ही ऐकलं नाही आवाज?"

आवाज पार्सलबाबूंनी ऐकला होता. मोटारीचा टायर फुटला असं ते जैतुनबींना म्हणालेही होते. ते साखरेच्या पोत्यावर बसले.

मग ते उठले आणि धावत म्हणता येईल अशा चालीनं कचेरीत गेले. तिथला कारकून मोठा शांत होता. "अर्ज मागे घ्या, हरकत नाही," तो म्हणाला, "पण कुत्रं मागे घेता येणार नाही. ते आता यादीवर चढलं. मालक असेल त्यानं आज दुपारपर्यंत नाव नोंदवावं, बिल्ला घ्यावा आणि पट्ट्याला लावून कुत्र्याच्या गळ्यात घालावा. बिल्ला दिसला की बंदूकवाला हात लावत नाही."

आता सांगणं भाग होतं. पार्सलबाबू खिंडीतून पलीकडे गेले. मुक्ताबाई शेणी थापत होत्या, अंबाजी ओट्यावर होता. पार्सलबाबूंनी टोपी नीट केली. "मुक्ताबाई," ते म्हणाले, "माझ्या हातून एक अर्ज झाला आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. मुक्ताबाईंचा शेणाचा हात तसाच हवेत राहिला.

"तुमी ल्हिवलं, भाऊ?"

"हो. पण तुमचं नाव मी घातलं नाही. तुमच्या अब्रूला..."

"नाव घातलं असतं तर निस्ता दंड झाला असता," मुक्ताबाई सावकाश म्हणाल्या. "न्हाई घातलं म्हून गोळी."

पार्सलबाबू खाली पाहत उभे राहिले. त्यांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. साहेब भर प्लॅटफॉर्मवर ओरडला होता तेव्हाही नाही.

पट्टा घातला तर कुत्रं वाचेल, हे सांगितल्यावर मुक्ताबाई रडू लागल्या. "गळ्यात दोरी न्हाई म्हनले हुते मी. माज्या हातानं घातली तर माजं कुकू कशावर ऱ्हाईल?"

अंबाजी ओट्यावरून उठला. तो म्हणाला, "ह्यात रडन्यासारखं काय न्हाई. पार्सलबाबूंनी धाडलं, पार्सलबाबूंनी सोडवावं. कुत्रं त्यांच्या नावावर करू. नवस तुजा, पट्टा त्यांचा."

मुक्ताबाईंनी डोळे पुसले. भंडाऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला पार्सलबाबूंच्या पुढं लोटलं. "आजपासनं ह्यो तुमचा. मी त्याला भाकर घालनार न्हाई, हाक मारनार न्हाई. दिला म्हंजी दिला. न्हाईतर द्येवाला फसवल्यासारखं हुईल."

कचेरीच्या नोंदवहीत एक रकाना होता, 'कुत्रे कशासाठी पाळले आहे'. घरात कुत्रं ठेवायचं हे धर्माच्या दृष्टीनं पार्सलबाबूंच्या मनाला टोचत होतं, पण राखणीसाठी असेल तर हरकत नाही, असं गफूरभाईंनी खात्रीपूर्वक सांगितलं होतं. म्हणून त्यांनी लिहिलं, 'बागेच्या राखणीसाठी.' कारकुनानं ते वाचलं. मग समोर पडलेला नासधुशीचा अर्ज वाचला. मग पार्सलबाबूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. पितळी बिल्ला मिळाला. नंबर सत्तेचाळीस.

सोमवारी बंदूकवाला आला, त्यानं वाफ्यात झोपलेल्या राखणदाराचा बिल्ला वाचला आणि पार्सलबाबूंना सलाम करून गेला. इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कुत्र्याला कागद वाचता येत नाही.

भंडाऱ्या दिवसभर कोथिंबिरीत पडे आणि संध्याकाळी आपल्या घरी जाई. आपलं घर कोणतं याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. मुक्ताबाई दार लावून घेत. तो दाराबाहेर बसून कुंई कुंई करी. आत मुक्ताबाई चुलीपुढं बसून रडत. चौथ्या दिवशी अंबाजीनं आपल्या बाजूनं खिंडीत बाभळीच्या काट्या भरल्या, त्याही पुरुषभर उंच. पार्सलबाबू बघत होते. अंबाजी तोंड वर न करता म्हणाला, "तुमचं कुत्रं आमच्यात येतंया, पार्सलबाबू. बायकू जेवत न्हाई."

यातलं पहिलं वाक्य पार्सलबाबूंच्या ओळखीचं होतं; उन्हाळाभर तेच ते भेटेल त्याला सांगत आले होते.

खिंड बुजली. दूध रस्त्यानं येऊ लागलं, तेही गड्याच्या हातून. जैतुनबी दुपारी मेंदीपाशी जाऊन उभ्या राहत आणि परत येत. पलीकडून बांगड्या वाजत, पण हाक येत नसे. कारण हाक मारली की भंडाऱ्या उठणार. अकरा दिवस गेले. जैतुनबी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच विचारीत, "मेथी बरी आहे ना?" पार्सलबाबूंना घास उतरत नसे. बावीस वर्षांची वाट आपण एका रकान्यात घालवली, असं त्यांना वाटे आणि ते खरंच होतं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, पुढच्या फाटकाची कडी वाजली. रस्त्याच्या बाजूनं मुक्ताबाई आल्या होत्या. डोक्यावर पदर, पायात वहाणा. पायरीशी वहाणा काढून त्या खालीच उभ्या राहिल्या.

"येऊ का आत, भाऊ?"

जैतुनबींनी तोंडाला पदर लावला. बाळंतिणीच्या खोलीत न विचारता शिरणारी बाई दारात उभी राहून परवानगी मागत होती.

"धन्याला परवापासनं ताप हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "डाक्टर म्हनतो हिवताप. कसला हिवताप? मला म्हाईत हाय कशाचा ताप त्यो. कुत्रं तुमाला दिलं, पर द्येवाला काय कळत न्हाई का कुनाचं हाय ते? तेवढा पट्टा काढा, भाऊ."

"काढला तर सोमवारी बंदूकवाला..."

"म्हाईत हाय मला. घातला तर धनी, काढला तर कुत्रं. मी दोन्हीकडनं मरती. तुमी शिकल्यालं, तुमीच बगा."

हिवतापाला क्विनीन असते आणि कुत्र्याच्या पट्ट्याचा तापाशी संबंध नसतो, हे पार्सलबाबूंना ठाऊक होतं. ते बोलायला त्यांनी तोंडही उघडलं. पण समोरच्या बाईचं तोंड पाहून त्यांनी ते मिटलं. ते परसात गेले, वाफ्यात बसले आणि भंडाऱ्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. मग बाभळीच्या काट्या उपसू लागले. हात रक्ताळले. जैतुनबी मदतीला आल्या तर त्यांना म्हणाले, "तू नको. हे माझं काम आहे."

रविवारी त्यांनी बिल्ल्याबरोबर कचेरीतून मिळालेलं नियमांचं चोपडं दिवसभर वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चौथ्या नियमाखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली आणि जैतुनबींना काळा गोफ मागितला.

सोमवारी सकाळी भंडाऱ्या फिरायला निघाला. त्याच्यामागून पार्सलबाबू निघाले. अंगात स्टेशनावरचा काळा आल्पाकाचा कोट, डोक्याला टोपी, आणि गळ्यात काळ्या गोफाला लटकावलेला पितळी बिल्ला, नंबर सत्तेचाळीस. कुत्रं थांबलं की ते थांबत, कुत्रं वळलं की वळत. ज्या बाजारात एकतीस वर्षं लोक त्यांना वाट देत, त्याच बाजारात लोक दुकानांतून बाहेर येऊन बघू लागले. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. गफूरभाईंनी मात्र तोंड फिरवून डाळ मोजायला घेतली. पार्सलबाबूंचे कान तापले, पण पाय थांबले नाहीत.

खाटकाच्या दुकानापाशी बंदूकवाला उभा होता. पिवळं, मोकळ्या गळ्याचं कुत्रं बघून त्यानं बंदूक उचलली. पार्सलबाबू मधे जाऊन उभे राहिले.

"बाजूला व्हा, साहेब. बिल्ला नाही कुत्र्याला."

"आहे," पार्सलबाबू म्हणाले आणि छाती पुढं काढली. "सत्तेचाळीस. वाचून घ्या."

"तो कुत्र्याच्या गळ्यात पाहिजे."

पार्सलबाबूंनी खिशातून चोपडं काढलं. "नियम चौथा. 'परवाना असलेले कुत्रे रस्त्यावर असताना त्याचा बिल्ला सर्वांस दिसेल असा बाळगण्यात यावा.' कोणी बाळगावा हे लिहिलेलं नाही. गळ्यात घालायचं कारकून सांगतो, नियम सांगत नाही. मी बाळगला आहे. आणि सर्वांना दिसतो आहे."

सर्वांना दिसतो आहे, याबद्दल बाजारात दुमत नव्हतं. बंदूकवाल्यानं चोपडं हातात घेतलं, वाचलं, परत दिलं. "आणि कुत्रं पळालं तर?"

साठीला आलेल्या पार्सलबाबूंनी भंडाऱ्याकडे पाहिलं. "मीही पळेन," ते म्हणाले.

आता कोणी हसलं नाही. बंदूकवाल्यानं बंदूक खांद्याला अडकवली आणि तो स्टेशनाकडे निघून गेला. भंडाऱ्याला यातलं काही कळलं नव्हतं. तो तिथून गावठाणात गेला, मग वळवणच्या तळ्यावर गेला, तिथं एका म्हशीशी त्याचं काही बोलणं झालं, आणि पार्सलबाबू त्याच्यामागे होते. ते घरी आले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. जोड्याचा तळ सुटला होता. भंडाऱ्या सरळ कोथिंबिरीत जाऊन तीन वेळा फिरला आणि झोपला. पार्सलबाबू पडवीत बसले. गळ्यातला बिल्ला काढायचंही त्यांना भान नव्हतं. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं, त्याच्या पुढच्याही. कुत्रं दोन वर्षांचं होतं, म्हणजे अजून दहाएक वर्षं तरी. ते सोमवार मोजायला लागले आणि त्यांनी मोजणं सोडून दिलं.

परसातून पावलं वाजली. मुक्ताबाई खिंडीतून आल्या. हातात ताकाचा तांब्या होता. त्यांनी पार्सलबाबूंच्या गळ्यातल्या बिल्ल्याकडे पाहिलं, हातांवरच्या काट्यांच्या ओरखड्यांकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडून सरळ आत गेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "भाबी, ह्यांनी आज पेज मागितली गं. आन् तुजा मिठाचा डबा कुटं हाय? भाऊंच्या ताकात मीठ न्हाई."

आत यायला त्यांनी विचारलं नव्हतं. पार्सलबाबूंनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली, कारण त्यांना रडू आलं होतं.